नस शोधणारा बन्सी

रंगनाथच्या हातात मी तीनदा सुई टोचली आणि तिन्ही वेळा सिरिंज कोरडीच राहिली. १९९६ च्या ऑक्टोबरची अखेर होती. श्रीरामपुरात नेवासा रस्त्याला एका ट्रस्टचा वीस खाटांचा दवाखाना होता. तिथं लॅब टेक्निशियन म्हणून लागून मला चार महिने झाले होते. मी नगरची, वय चोवीस, आणि आपला हात हलका आहे असा माझा तोवर समज होता. रंगनाथच्या दंडावरचं गळू फुटून महिना झाला तरी भरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला लिहून दिलं होतं. पण त्याच्या दोन्ही हातांच्या नसा सुतळीसारख्या टणक झाल्या होत्या. बोटाला लागायच्या, सुईला नाही.

चौथी सुई उचलली तेव्हा बाकावरून आवाज आला, "ताई, तिथं नका बघू. ती कवाच मेलीय."

बोलणारा माणूस रंगनाथबरोबर आला होता. पस्तिशीचा, खंगलेला, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि उकाडा असूनही मनगटापर्यंत बटणं लावलेली. तो उठला, रंगनाथचा हात खाली लोंबता सोडला, स्वतःचे डोळे मिटले आणि दोन बोटं त्याच्या मनगटापासून हळूहळू वर नेली. एका जागी थांबला.

"हितं. वरच्यावर धरा, खोल न्हाई. आन् तुमी श्वास रोखून धरलाय, त्यानं हात थरथरतोय."

मी श्वास सोडला, सुई टोचली. रक्त आलं.

"तुम्ही कंपाउंडर आहात का?" मी विचारलं.

"हुतो," तो म्हणाला. "गाई-म्हशींचा."

त्याचं नाव बन्सी. टाकळीभानकडचा. अकरा वर्षं तो गुरांच्या दवाखान्यात परिचर होता. व्यालेली गाय अंगातलं कॅल्शियम उतरून आडवी पडली की तिच्या मानेच्या शिरेत बाटली लावायला डॉक्टर त्यालाच पुढं करायचे. १९९२ साली त्याला मुतखड्याचा त्रास सुरू झाला. कळ उठली की जमिनीवर लोळायचा. कुणीतरी वेदना मारण्याचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या कळेला दुसरं. खडा पडून गेला, इंजेक्शन मात्र राहिलं. दोन वर्षांत नोकरी गेली आणि बन्सी रेल्वेच्या मालधक्क्यामागं जमणाऱ्या माणसांत जाऊन बसायला लागला. तिथं त्याचा मोठा मान होता. ज्यांना स्वतःची नस सापडत नसे, ते बन्सीपुढं हात करत. चार-पाच जणांत सिरिंज एकच असे.

हे सगळं त्यानंच मला पुढच्या काही आठवड्यांत सांगितलं, कारण मी विचारत राहिले. नशेची सुई घेणारा माणूस मी तोवर जवळून पाहिलेला नव्हता. तो कसा बोलतो, काय खातो, त्याला घर असतं का, मला सगळंच जाणून घ्यायचं होतं. त्यालाही माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं, ते लॅबबद्दल.

एकदा तो म्हणाला, "ताई, जनावराची सुई मी मोजून वीस मिन्टं उकळायचो. एका म्हशीची दुसरीला कदी लावली न्हाई. आन् मान्सांना मातर लावली. ह्ये असं का केलं, त्ये मला अजून उमगलं न्हाई." त्यात रडगाणं नव्हतं. खरंच न सुटलेलं कोडं सांगावं तसं तो सांगत होता.

रंगनाथचं रक्त काढलं त्याच दिवशी बन्सी खोकताना मी ऐकलं होतं आणि त्याच्या हातात बेडक्याची डबी दिली होती. दुसऱ्या दिवशी काचेवर टीबीचे जंतू दिसले. मी कागद साळवेबाईंकडे नेला. साळवेबाई म्हणजे आमच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, कडक आणि सरळ. त्यांनी बन्सीला बाह्या वर करायला लावल्या, हात पाहिले आणि पेन खाली ठेवलं.

"आधी सुई सोड. महिनाभर तिच्याशिवाय राहून दाखव, मग गोळ्या सुरू करू. तू मधेच सोडशील आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतील. मग तुलाही औषध उरणार नाही आणि तुझ्यापासून ज्याला लागेल त्यालाही नाही."

बन्सीनं मान हलवली. मग म्हणाला, "बाई, एक इचारू? सुईवाले मदीच सोडत्यात, ह्ये किती जनांवर बघितलं तुमी?"

"सगळीकडे हाच अनुभव आहे."

"व्हय. पन हितं? ह्या दवाखान्यात?"

दुसऱ्या कुणी वेळ मारून नेली असती. साळवेबाई म्हणाल्या, "एकावरही नाही. आम्ही कधी सुरूच केल्या नाहीत."

"मंग बघू या की," बन्सी म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ठरलं. रोज सकाळी नऊ वाजता लॅबच्या दारात, माझ्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या, सहा महिने. सलग तीन दिवस चुकवले तर बंद. रंगनाथच्याही बेडक्यात जंतू निघाले होते, त्यालाही तीच अट. पहिल्याच आठवड्यात बन्सी घाबराघुबरा होऊन आला. लघवी लाल झाली होती. ते गोळीच्या रंगानं होतं असं सांगितल्यावर तो खूश झाला. "म्हंजे गोळी पोटात गेली का न्हाई, ह्ये कुनालाबी कळंल. लई झ्याक."

त्याच सुमाराला बाईंनी दोघांना विचारून एचआयव्हीसाठी रक्त घ्यायला सांगितलं. तेव्हा आमच्याकडे ती तपासणी होत नव्हती. रक्ताच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून शिपाई एसटीनं नगरला न्यायचा आणि आठ दिवसांनी बंद पाकिटातून उत्तर यायचं. दोघांनाही लागण होती. बाईंनी एकेकाला आत बोलावून सांगितलं. रंगनाथ निघून गेला आणि दोन दिवस आला नाही. बन्सी बाहेर येऊन थेट लॅबमध्ये माझ्यासमोर बसला.

"दाखवता का मला?"

"काय?"

"त्यो इषानू."

मी सांगितलं, तो आमच्या सूक्ष्मदर्शकात दिसण्याइतका मोठा नसतो. त्याऐवजी त्याच्याच बेडक्याची काच लावून दिली. निळ्या पाण्यात तांबड्या बारीक काड्या विखुरल्यासारख्या दिसतात, ते टीबीचे जंतू. तो बराच वेळ डोळा लावून बसला.

"एवढ्याशानं मला आडवं केलं व्हय? आन् त्यो दुसरा याच्याहून बारीक?"

"कितीतरी."

"मंग दिसत न्हाई तर हाय कशावरनं म्हंता?"

मी म्हटलं, तो शरीरात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला काही तयार करतं. ते रक्तात सापडलं की तो आहे असं समजायचं.

बन्सीनं विचार केला. "म्हंजे लांडगा दिसत न्हाई, पन ढेकळात माग दिसतोय."

मी पुढं अनेकांना ही तपासणी समजावताना त्याचं हेच वाक्य वापरलं.

मग तो बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला आणि दुपारपर्यंत उठला नाही. मी चहा नेऊन दिला तेव्हा एवढंच म्हणाला, "भागिरथीला सांगावं लागंल."

भागिरथी त्याची बायको. मजुरीवर दोन मुली सांभाळत होती. तीन दिवसांनी ती डोक्यावर पदर घेऊन आली आणि बाईंना नाही, मला गाठलं. तिची पहिली शंका ताटाची होती. त्यांच्या ताटात जेवलं तर होतं का? नाही म्हटलं. त्यांचं धोतर-टॉवेल धुतलं तर? नाही. मग मी अडखळायला लागले, तशी ती म्हणाली, "कशानं हुतं ते सरळ सांग बाई. तुझं लगीन झालं नसंल, मी दोन बाळंतपनं केल्यात. लाजायचं काय त्यात?"

मी सरळ सांगितलं. तिचं रक्तही नगरला गेलं. ते आठ दिवस बन्सी नऊ वाजता यायचा, गोळ्या गिळायचा आणि एकही प्रश्न न विचारता जायचा. भागिरथीचं पाकीट आलं, तिला लागण नव्हती. पुन्हा तीन महिन्यांनी तपासायचं ठरलं, तेव्हाही नव्हती. त्या पहिल्या पाकिटाच्या दिवशी बन्सी लॅबच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याची पाठ हलत राहिली.

मालधक्क्यामागची माणसं त्यानंच आणली. आधी एक, मग दोघं. कुणाची गळवं, कुणाचा खोकला, कुणाच्या तोंडात पांढरी बुरशी. ज्याचं रक्त मला मिळायचं नाही, त्याची नस बन्सी बोटांनी शोधून द्यायचा. सुई मात्र मीच टोचायची, हा बाईंचा नियम. जानेवारीत नऊ जण झाले तेव्हा बाईंनी मंगळवारची दुपार त्यांच्यासाठी राखली. एचआयव्हीवर आमच्याकडे औषध नव्हतंच. पण टीबीच्या गोळ्या होत्या, न्यूमोनिया टाळणारी रोजची एक गोळी होती, मलमपट्टी होती. ट्रस्टवरचे काकासाहेब कुरकुरले की दवाखान्याचा अड्डा होईल. बाईंनी त्यांना एका मंगळवारी बोलावून तासभर बसवून ठेवलं. त्यानंतर ते पुन्हा कुरकुरले नाहीत.

फेब्रुवारीत लॅबच्या कपाटातून नव्या सिरिंजचा एक खोका नाहीसा झाला. कपाटाजवळ माझ्याखेरीज बन्सीच फिरकायचा. मी त्याला विचारलं. त्यानं लगेच कबूल केलं.

"मीच नेला. धक्क्यामागं वाटला."

"चोरी आहे ही, बन्सीभाऊ!"

"व्हय. पन मागितल्या असत्या तर दिल्या असत्या का?"

मी रागानं त्याला बाईंसमोर उभं केलं. बाईंचा चेहरा उतरला. आपला विश्वास मोडला याचं त्यांना फार लागलं, आणि ते त्यांनी त्याला सुनावलंही. बन्सी खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाई, तुमी गोळ्या देता, पट्ट्या बांधता. आन् त्योच मानूस हितनं जाऊन दुसऱ्याची सुई घेतो. मंग आठवड्याला नवा एक येतोय. ह्ये खड्ड्यात पानी वतल्यावानी हाय. नवी सुई दिली तर खड्डा बुजतो का, येवढंच मला बघायचं हुतं."

बाईंनी त्याला घरी पाठवलं. पुढच्या मंगळवारी त्यांनी स्वतः टेबलावर सिरिंजचा खोका ठेवला आणि शेजारी झाकणाला भोक पाडलेला पत्र्याचा डबा. जुनी सुई डब्यात टाकायची, नवी घ्यायची. मला म्हणाल्या, "हे बरोबर की चूक, मला माहीत नाही, वृषाली. वर्षभर करून बघू."

बन्सीनं स्वतः सुई सोडली का? हे मला नेहमी विचारतात. खरं सांगायचं तर पूर्ण नाही. कमी केली, महिना-महिना बंद ठेवली. मार्चमध्ये रंगनाथनं गोळ्या टाकून दिल्या आणि एप्रिलच्या सुरुवातीला तो वारला. त्यानंतरचा आठवडा बन्सी पुरता धक्क्यामागं होता. पण रोज नऊ वाजता तो लॅबच्या दारात उभा असे. डोळे तारवटलेले, हात सुजलेला, पायात चप्पल नाही. गोळ्या गिळायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "आजची चुकली न्हाई, लिवा."

एप्रिलअखेर त्याच्या बेडक्यात एकही जंतू सापडला नाही. पहिल्या वर्षी आम्ही सुई घेणाऱ्या सात जणांना टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, त्यातल्या पाचांनी सहाही महिने पुरे केले. सुई त्यांच्यातल्या एकानंच सोडली होती. साळवेबाईंनी हा आकडा एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला.

पुढची दोन वर्षं बन्सी बरा राहिला. अंगावर मांस आलं, एका गोठ्यात धारा काढायचं काम मिळालं. १९९८ मध्ये बाईंनी त्याला मासिकात वाचलेलं सांगितलं. परदेशात तीन औषधं एकत्र देतात आणि एचआयव्ही झालेली मरायला टेकलेली माणसं उठून कामाला जातात.

"किती दीस खायाची?"

"जन्मभर, रोज."

"त्ये आपल्याला जमंल," बन्सी हसला. "रोज न चुकता काय करायचं, ह्यात आपला हात कोन धरनार?"

ती औषधं आमच्या आवाक्यातली नव्हती. बाईंनी चार ठिकाणी पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं आणि त्यात असं होतं की सुई घेणाऱ्यांसाठी विचार करता येणार नाही, ते मधेच सोडतात. बाईंनी काचेखालच्या कागदाची नक्कल करून उलट टपालानं पाठवली. पुढं उत्तर आलं नाही.

१९९९ च्या ऑगस्टमध्ये बन्सीचं डोकं दुखायला लागलं ते थांबेचना. मग उलट्या, मग बोलणं तुटक. मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग झाला होता. अकरा दिवस तो आमच्या दवाखान्यात होता. शुद्ध असेल तेव्हा भागिरथीला मुलींच्या शाळेबद्दल विचारायचा आणि मला, सलाईनचा थेंब इतका हळू का सोडलाय ते. बाराव्या दिवशी सकाळी तो गेला. धक्क्यामागची दहा-बारा माणसं दुपारी फाटकाबाहेर येऊन थांबली, आणि भागिरथीनं त्यांना आत बोलावलं.

तीन आठवड्यांनी बाईंनी तिला मंगळवारच्या कामावर घेतलं. न आलेल्यांच्या घरी जाऊन त्यांना घेऊन येणं हे तिचं काम. डिसेंबरात मी लग्न होऊन संगमनेरला गेले तेव्हा यादीत एकतीस नावं होती. एचआयव्हीच्या त्या गोळ्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळायला त्यानंतर काही वर्षं जावी लागली. बाईंचं पत्र आलं होतं त्या वेळी. एकतीसांतली आठ माणसं तेव्हा हयात होती आणि त्यांना पहिल्यांदा गोळ्या आणायला एसटीत बसवून भागिरथी स्वतः घेऊन गेली होती.