पाहुण्यांपुढची शर्यत

सत्काराच्या स्टेजवर साहेबांनी माईक माझ्या तोंडाजवळ धरला आणि विचारलं, "सांग बाळ, आज वार कोणता?"

मी म्हटलं, "बाजाराचा."

सगळं सभागृह हसलं. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणाले, "बघा, हिला आजचा वार सांगता येत नाही. तरी ही पोरगी परदेशात धावून मेडल घेऊन आली. मग तुमच्या धडधाकट मुलांना काय अशक्य आहे?"

टाळ्या वाजल्या.

आमच्या पाड्यावर बाजाराच्या वाराला बाजाराचाच वार म्हणतात. आई तसंच म्हणते. ती दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभी होती. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. लोक हसले तशी तीही हसली. काय झालं ते तिला कळलं नव्हतं. सगळे हसतात म्हणून हसली. मला ते स्टेजवरून दिसलं.

मला लिहिता येत नाही. मी बोलते, धाकटी बहीण लिहून घेते. भाषा तिच्या शाळेची, बोलणं माझं. मी अडले तर ती शब्द पुढे करत नाही.

मी मतिमंद. हा शब्द टेमघरच्या शाळेच्या पाटीवर होता. त्याआधी वीटभट्टीवर मला येडी म्हणायचे. आमचा पाडा भिवंडीजवळ, शेलार गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. पावसाळ्यात आई दुसऱ्याच्या शेतात लावणी करायची, नंतर भट्टीवर जायची. बाप नव्हता. मला विटा रचायला जमायचं नाही. ओळ वाकडी व्हायची. मुकादम काठी घेऊन मागे लागायचा आणि मी पळायची. त्याच्या हाती मी कधी लागले नाही. धावणं मी तिथं शिकले.

पाड्यावर अशी पोरं शोधत एक बाई आल्या. त्या भिवंडीच्या, चांगल्या घरच्या. नवरा बँकेत होता. त्यांनी मला पळताना बघितलं आणि आईला समजावून शाळेत नेलं. शाळा ट्रस्टची होती, राहायचीही सोय होती. साहेब ट्रस्टचे अध्यक्ष. बाई आम्हाला खेळ शिकवायच्या. रोज सकाळी मैदानावर न्यायच्या. मला रेषेत धावायला शिकवलं. बूट कसे बांधायचे तेही त्यांनीच शिकवलं, पण गाठ माझ्याकडून सुटायची.

मग निवड झाली. आमच्यासारख्यांच्याच स्पर्धा होत्या, सगळ्या जगातल्या. त्या परक्या देशाचं नाव सांगायला माझी जीभ वळत नाही. थंडी होती. मैदान लाल होतं आणि मऊ. मी रेषेवर उभी राहिले. सुरुवात करून देणारी एक गोरी बाई होती. तिनं अंगठा वर करून मला विचारलं, तयार? माझ्या बुटाची नाडी सुटली होती. मी मान हलवली. न्हाय.

आणि ती थांबली.

ती वाकून बसली, माझ्या नाडीकडे बोट दाखवलं आणि मी ती बांधेपर्यंत तशीच बसून राहिली. बाजूच्या पोरी थांबल्या. मैदानभरची माणसं थांबली. कुणी ओरडलं नाही. कुणी माझ्या हातातून नाडी ओढून घेतली नाही. मला खूप वेळ लागला. मग तिनं परत विचारलं आणि मी मान डोलावली.

मी दुसरी आले. लोक मेडलचंच विचारतात. मला मेडलपेक्षा ते थांबणं आठवतं. मी नाही म्हटलं आणि जग थांबलं, असं तोवर कधी झालं नव्हतं.

परत आल्यावर तो सत्कार झाला, ते वर सांगितलंच. सत्काराच्या रात्री साहेबांनी मेडल काढून घेतलं. आईला म्हणाले, तुमच्या झोपडीत हरवेल. ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. मग पाहुणे यायला लागले. मुंबईहून गाड्या यायच्या. गाडी आली की मला देशाचा ट्रॅकसूट घालायचे, कपाटातलं मेडल गळ्यात अडकवायचे. साहेब म्हणायचे, "वन टू थ्री." मी फाटकापासून भिंतीपर्यंत धावायची आणि परत यायची. अंगणात लादी होती. गुडघे दुखायचे. पाहुणे टाळ्या वाजवायचे. एकदा एका बाईनं माझा जबडा धरून तोंडात पेढा घातला. मी तेव्हा लग्नाच्या वयाची होते. माझ्या बरोबरीच्या पाड्यावरच्या पोरींना लेकरं झाली होती.

गाडी गेली की मेडल परत कपाटात.

एकदा पाहुणे यायचे होते आणि मला पाळी आली होती. ओटीपोटात कळा येत होत्या. मी सकाळीच बाईंना सांगितलं होतं. बाईंनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, एवढीशी तर धाव आहे. गाड्या आल्या. मला फाटकाशी उभं केलं.

"वन टू थ्री."

मी हलले नाही. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. परत म्हणाले.

"न्हाय," मी म्हटलं.

साहेब पाहुण्यांकडे बघून हसले. म्हणाले, "आज बाळाचा मूड नाही." आणि माझं कोपर धरून मला पुढं ढकललं. मी खाली बसले. लादीवर, गाड्यांच्या समोर. ते मला उठवायला लागले तशी मी अंग जड केलं. एक पाहुणी म्हणाली, राहू द्या, बिचारीला कळत नाही. मला सगळं कळत होतं. पोट दुखत होतं आणि भीती वाटत होती. तरी उठले नाही.

गाड्या गेल्यावर बाई जवळ आल्या. त्यांचे डोळे ओले होते. म्हणाल्या, माफी माग, नाहीतर पुढच्या टीमबरोबर तुला पाठवणार नाहीत. मी विचारलं, माझं काय चुकलं? त्यांनी माझ्या गळ्यातलं मेडल काढलं आणि कपाटाकडे नेलं.

लगेच आईला बोलावून घेतलं. ती मजुरी बुडवून आली. साहेब तिला म्हणाले, "या पोरीला आम्ही विमानात बसवलं. आम्ही नसतो तर भट्टीवरच मेली असती."

आई त्यांच्या पायाशी वाकली. म्हणाली, "चुकलं लेकरू, साहेब. तिला अक्कल न्हाय."

ते मला सहन झालं नाही. भट्टीवर मुकादमापुढं आई अशीच वाकायची. मी तिचा दंड धरला. "आय, ऊठ," म्हटलं. ती उठेना. मग मी तिला ओढून उभं केलं आणि फाटकाबाहेर घेऊन गेले. ट्रॅकसूट माझ्या अंगावर होता, तो राहिला. मेडल त्यांनी आधीच काढलं होतं.

आम्ही चालत निघालो. निजामपुऱ्यात कापडाच्या लूमच्या आवाजात आई काय बडबडत होती ते ऐकू आलं नाही. शेलार मागे पडलं तेव्हा तिनं माझ्या पाठीत बुक्का मारला. मग आणखी एक. मग रस्त्याच्या कडेला बसून रडली. म्हणाली, दोन वेळचं जेवण होतं तिथं, डोक्यावर पत्रा होता, तू काय केलंस. मी तिच्याजवळ बसून राहिले.

पुढच्या स्पर्धेला दुसरी मुलगी गेली. बाईंनी येऊन सांगितलं. मला दुखलं, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी मी जेवले नाही. आता मी निजामपुऱ्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला जाते. हात हळू चालतो म्हणून शेठ ओरडतो. कुठं सगळं गोड आहे?

मध्यंतरी शाळेकडून एक माणूस आला. ट्रस्टच्या कॅलेंडरवर माझा फोटो छापायचा म्हणाला. मी समोर बसले होते. तो आईशी बोलत होता. मी म्हटलं, माझ्याशी बोल. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि परत आईलाच विचारलं, "मग मावशी, तुमची हरकत नाही ना?"

आईनं माझ्याकडे बघितलं. कधी नव्हे ते म्हणाली, "तिला इचार."

त्यानं विचारलं नाही. उठून गेला.

लोक आईला म्हणतात, तुझ्या माघारी हिचं कसं व्हायचं. मी तिथंच बसलेली असते. आईच्या माघारी मी असणारच आहे. बहिणीच्या दारात असेन, नाहीतर रस्त्यावर. कुणी जेवायला घालेल, कुणी हाकलेल. पण जो जेवायला घालेल त्यानंही ध्यानात ठेवावं. माझा फोटो, माझे पाय, माझं लग्न, माझं अंग, यातलं काही हवं असेल तर माझ्या तोंडाकडे बघून विचारायचं. मी नाही म्हटलं तर ते नाहीच. मारलं तरी नाही, उपाशी ठेवलं तरी नाही. बहिणीलाही हे सांगितलंय. तिनं मान खाली घालून लिहून घेतलं.