झिसिमोसचं लाकूड

ग्रीसमधल्या आमच्या गावावरच्या टेकडीवर इनेआस राजाच्या कालिदोना नगरीचे दगड पडलेत. राजाला जाऊन तीन हजार वर्षं तरी झाली असतील, पण त्याच्या घरातली भांडणं माझ्या कॉफीच्या दुकानात अजून मिटलेली नाहीत. नव्या पिकाचा नैवेद्य सगळ्या देवांना दाखवताना हा गृहस्थ एका आर्तेमिसला, शिकारीच्या देवीला, विसरला. चिडून तिने त्याच्या द्राक्षमळ्यात रानडुक्कर सोडलं. राजाच्या मुलाने, मेलेआग्रोसने, ते मारलं आणि कातडं कुणाचं या वादात सख्ख्या मामांचे मुडदे पाडले.

आता या मुलाचा जीव होता एका लाकडात. तो तीन दिवसांचा असताना नशीब लिहिणाऱ्या तिघी बाया येऊन सांगून गेल्या होत्या, चुलीतलं ते ढलपं जळून संपेपर्यंतच हा जगेल. आईने ते विझवून पेटीत ठेवलं होतं. भाऊ मेल्यावर तिनेच ते काढून चुलीत घातलं आणि मुलगा खलास झाला. मी स्वतः दोन भाच्यांचा मामा आहे, त्यामुळे ही गोष्ट मला कधीच आवडली नाही.

पण आमच्या दाजींच्या आईला, लाम्ब्रिनी आजींना, ती फारच आवडली असावी. दाजी, म्हणजे झिसिमोस, जन्मले तेव्हा त्यांनीही म्हणे तिघी बाया पाहिल्या. चुलीतलं ऑलिव्हचं ढलपं पाण्यात बुडवून त्यांनी फडक्यात गुंडाळलं, आणि माझी बहीण पोलिक्सेनी सून म्हणून घरात आली तेव्हा पेटीच्या किल्लीसकट तिच्या हातात दिलं. "हा घे तुझा नवरा," म्हणाल्या, "ओल लागू देऊ नकोस."

लाकूड पेटीत सुरक्षित आहे म्हटल्यावर दाजींना कशाची भीती? चर्चच्या घुमटावर दोरीशिवाय चढले. पडले. पाय मोडला, तर प्लास्टर घालणाऱ्यालाच समजावत होते, "अरे, मरणार नाहीच मी, सावकाश कर." ओळख नसलेली अळंबी खाल्ली. रानडुकरीण पिलांसह आली तेव्हा सगळे झाडावर, आणि हे खाली उभे राहून तिला मळ्याबाहेरचा रस्ता दाखवतायत! शहाण्या माणसाने करू नये ते सगळं या माणसाने केलं आणि वर आम्हाला भित्रे म्हटलं.

घाबरायचे ते फक्त माझ्या बहिणीला. दाजी पत्त्यात रमले की ताई दुकानाच्या दारात येऊन एवढंच म्हणायची, "झिसिमोस, आज चूल नीट पेटत नाहीये. पेटीत बघू का काही?" की दाजी हातातले तिन्ही राजे टाकून उठलेच. एक्कावन्न वर्षांच्या संसारात या माणसाने जेवढी भांडी घासली, तेवढी आमच्या गावात दुसऱ्या पुरुषाने पाहिलीही नसतील.

आणि मग गेल्या ईस्टरला मी त्यांना मारलं.

रविवारी सकाळी दाजींच्या अंगणात कोकरू भाजायचं होतं. निखारे माझ्याकडे. ताईने आदल्या दिवशी पेटीतली कांबळी उन्हात टाकली होती, आणि ओट्याच्या कडेला एक सुकं ढलपं पडलेलं होतं. मी ते कधी फडक्याबाहेर पाहिलंच नव्हतं. उचललं, टाकलं. छान पेटलं. मी तर कौतुकही केलं, "ताई, कसलं खणखणीत लाकूड आहे गं!"

दाजी ईस्टरची लाल रंगवलेली अंडी घेऊन बाहेर आले. आधी ओट्यावरचं रिकामं फडकं पाहिलं, मग आगीकडे, मग माझ्याकडे. अंडी हातातून सुटली.

"आनेस्तिस," ते अगदी हळू म्हणाले, "किती राहिलंय?"

मी चिमट्याने उकरलं. बोटभर निखारा निघाला. तोही माझ्यादेखत राख झाला. मी कधी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवला नव्हता, पण त्या क्षणी ठेवला.

दाजी आत गेले, लग्नातला कोट चढवला, पोटावर बटण लागेना म्हणून तसाच उघडा ठेवला आणि पलंगावर आडवे झाले. छातीवर हात. चेहरा खरोखर पांढराफटक.

"पोलिक्सेनी कुठाय?"

"शेजारी लिंबं आणायला गेलीय. दाजी, माफ करा हो मला!"

"तुझी चूक नाही. पण कोट नीट दिसतोय ना?"

ताई आली. मी रडत रडत सगळं सांगितलं. तिने लिंबं टेबलावर ठेवली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

"ऊठ. कोकरू करपतंय."

"अगं, मी जातोय! तुझ्या भावाने लाकूड जाळलं."

"त्याने सरपण जाळलं," ताई म्हणाली. "तुझं लाकूड मी जाळलं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात."

दाजींचे हात छातीवरून खाली आले.

"तुला निमोनिया झाला होता. दारापर्यंत बर्फ, घरात एक सुकी काडी नाही. डॉक्टर म्हणाले होते, खोली गार पडली तर हा वाचणार नाही. खुर्च्या जाळल्या, तुझा लहानपणचा पाळणा जाळला. मग पेटी उघडली." ती पलंगाच्या कडेवर बसली. "आई खरं सांगत असतील तर मीच तुला मारत होते. नसतील तर वाचवत होते. तुझे ओठ निळे पडले होते रे. घातलं चुलीत, आणि विझेपर्यंत तुझा हात धरून बसले. दुपारी तू सूप मागितलंस. पेटीत मी नंतर दुसरं ढलपं ठेवलं."

दाजी उठून बसले. डोळे भरून आले होते, पण तोंडातून निघालं ते असं: "मग एवढी वर्षं मी भांडी कशाला घासली?"

"चांगली घासतोस म्हणून," ताई म्हणाली.

त्या दिवशी कोकरू एका बाजूने काळं झालं, तरी आम्ही सगळं संपवलं. पण दाजी मात्र बदलले. आता कठडा धरून जिना उतरतात. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतात. पत्त्याचा डाव मध्येच टाकून, कुणी हाक मारलेली नसताना, घरी पळतात. परवा मी विचारलं, काय झालं?

"पोलिक्सेनीची ब्लडप्रेशरची गोळी," दाजी म्हणाले. "घेतली की नाही ते बघून येतो."