कोचीत एक दिवस आणि राहून गेलेली ओटी

बीड जिल्ह्यातल्या आमच्या तेलगावहून समुद्र बघायचा तर एक रात्र गाडीत काढावी लागते. त्यामुळे जहाजाने सहल वगैरे आमच्या घरात कधी कुणी बोललंच नव्हतं. पण आमच्या ह्यांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे, आणि भरपूर माल विकणाऱ्या दुकानदारांना बियाण्याच्या कंपन्या कुठे ना कुठे फिरवून आणतात. आतापर्यंत हे एकटे जायचे आणि माझ्यासाठी विमानतळावरची चॉकलेटं आणायचे. यंदा जोडीने बोलावणं आलं. मुंबईहून क्रूझ, वाटेत एक अख्खा दिवस कोचीत, मग परत मुंबई.

कोची हे नाव वाचलं आणि मी बॅग काढली. ह्यांना वाटलं, बायको जहाजाला भुलली. वाटू दिलं.

खरं कारण सांगते. आमची ऋतुजा सातव्या महिन्यात जन्मली, माजलगावच्या एका लहानशा दवाखान्यात. आता ती पुण्यात नोकरी करते. तेव्हा तिला बघायला येणारा जो तो मान हलवून जायचा. एकट्या अन्नम्मा सिस्टर मान हलवत नव्हत्या. त्या केरळच्या, पण बीडकडे इतकी वर्षं काढलेली की बोलणं आमच्यासारखंच. लेकरू माझ्या छातीशी बांधून ठेवायच्या आणि मी थकले की स्वतःच्या. रोज सकाळी वजन करायच्या आणि थोडं जरी वाढलं तरी वॉर्डभर सांगत सुटायच्या. घरी न्यायचं कुणी नाव काढलं की एकच उत्तर, "दोन किलो झाल्याबिगर न्हाई."

शेवटी दोन किलोला थोडं कमीच असताना डॉक्टरांनी सोडलं. सिस्टर नेमक्या त्या दिवशी सुट्टीवर होत्या. अशा बाईची खणा-नारळाने ओटी भरायची ही आमच्याकडची रीत. पण बाळंतपणाचं सोयर असताना ओटी भरता येत नाही. सव्वा महिन्याने न्हाऊन-माखून खण घेऊन गेले, तर आई आजारी म्हणून सिस्टर नोकरी सोडून गावी निघून गेलेल्या. तो खण मी कपाटात ठेवला. पुढे कितीक जणींच्या ओट्या भरल्या, पण त्या खणाला हात लावला नाही. गेल्या वर्षी ऋतुजाने दवाखान्यातल्या जुन्या कंपाउंडरकडून सिस्टरांचा नंबर मिळवला. मी फोन केला, पण त्या आनंदाने इतक्या ओरडत होत्या की विचारपूस काही झालीच नाही. नुसता पत्ता मिळाला, आणि "कवा येतीस?" हा प्रश्न. यंदा सहलीची तारीख कळली तेव्हा मी त्यांना नुसता येण्याचा दिवस मेसेजने कळवून ठेवला.

आता प्रवासाचं. तेलगाव-बीड-नगर-पुणे-मुंबई असे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेलो. क्रूझला जाणाऱ्यांनी मूळ ओळखपत्र हाताशी ठेवावं, दर दारात दाखवावं लागतं. खायचं काही सोबत नेऊ नका. माझा शेंगदाण्याचा ठेचा सामानाच्या तपासणीत गेला आणि ओटीचा नारळही गेला. "मॅडम, केरळला जाताय आणि नारळ नेताय?" असं तिथला माणूस हसत म्हणाला. पदराला बांधलेले ओटीचे गहू मात्र कुणाच्या लक्षात आले नाहीत.

जहाज म्हणजे पाण्यावरचं मोठं मंगल कार्यालय समजा. जेवण पोटभर, गाणी कानभर. पहिल्या रात्री जहाज लागलं, तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरातून मागून आणलेला आल्याचा तुकडा चघळून आडवी पडले. सकाळी बरं वाटलं. इंटरनेट महाग आहे, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

कोचीच्या आदल्या संध्याकाळी कंपनीच्या मॅनेजरने सगळ्यांना बोलावून कार्यक्रम सांगितला. बसने चिनी पद्धतीची मासेमारीची जाळी, मसाल्याचा बाजार, मॉल, दुपारचं जेवण आणि बॅनरसमोर ग्रुप फोटो. वेगळं जायचं तर आपापल्या जबाबदारीवर, आणि पाचच्या आत जहाजावर. उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

हे खोलीत आल्यावर मी खण दाखवला. "उद्या सिस्टरांकडे जायचंय," मी म्हणाले.

"अगं, पण फोटोत न्हाई दिसलो तर साहेब काय म्हणतील? पुढच्या साली माल त्यांच्याकडूनच उधार घ्यायचा हाय."

"तुमी जा बसनं. मी जाते एकटी."

"आन् जहाज चुकलं तर?"

"रेल्वेनं येईन."

मला मल्याळम येत नाही आणि माझं हिंदी बाजारापुरतं. हे ह्यांना माहीत होतं आणि मलाही. पण मला खरोखर राग आला होता. लेक दोघांची आणि ओटी माझ्या एकटीची, असं कसं? तसं बोललेही. हे डेकवर निघून गेले.

सकाळी सगळे बसकडे निघाले आणि हे माझ्याबरोबर टॅक्सीकडे वळले. आष्टीचे एक दुकानदार मागून ओरडले, "कामून रं, बायकोच्या मागं कुठं निघाला?"

"सासुरवाडीला!" हे म्हणाले. बसमध्ये हशा पिकला. माझा राग तिथेच गेला.

बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्स्या आणि रिक्षा उभ्या असतात. भाव आधी ठरवा, आणि थांबायचे पैसे त्यातच धरा. आमचा चालक मोजकं हिंदी बोलणारा, पण समजूतदार होता. सिस्टरांचं घर वायपीन नावाच्या लांबट बेटावर. एर्नाकुलम शहरातून पूल ओलांडून जावं लागतं. शहरात गर्दी फार, म्हणून परतीला जास्त वेळ हाताशी ठेवा. पूल संपला की दोन्ही अंगांनी पाणी लागतं. खाऱ्या पाण्यात भात पिकवतात आणि भात निघाला की तिथेच कोळंबी सोडतात, असं चालकाने सांगितलं, तेव्हा आमचे हे खिडकीतून अर्धे बाहेर आले. "खाऱ्या पाण्यात? कोणतं वाण हाय?" असं त्या बिचाऱ्याला विचारत सुटले. त्याला काय माहीत! मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

आणि मग नारळ. ओटीला शेंडीचा नारळ लागतो. जिकडे बघावं तिकडे नारळाची झाडं आणि दुकानात मात्र सगळे नारळ गुळगुळीत सोललेले! मी डोक्यावर बोटं उभी करून शेंडी दाखवली. दुकानदार घाबरला, बाईला काही झालं की काय. शेवटी चालकाने एक न सोललेला अख्खा नारळ मागून घेतला आणि ह्यांनी तो रस्त्याकडेला बसून, शेंडी राखून सोलला. पाहायला चार माणसं जमली होती.

घर बसकं, कौलारू, पुढे छोटी पडवी. दारात गाऊन घातलेली, खांद्यावर पंचा टाकलेली एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती. मी "सिस्टर" म्हणायच्या आत ती ओरडली, "किती उशीर गं पोरी! सकाळधरनं उभी हाय मी!"

मला रडू फुटलं. दोन दिवस कानावर कुठकुठल्या भाषा पडत होत्या, आणि इथे समुद्राकाठी आमच्या गावचं बोलणं.

आत बसलो. चहा आला, केळ्याचे काप आले. "भाकरी खाऊन लई वर्सं झाली," सिस्टर म्हणाल्या. "हितं जवारी कुणाला ठावं न्हाई." हे लगेच म्हणाले की पीठ कुरिअरने पाठवतो. मी पदराचे गहू सोडले, नारळ आणि खण काढला, आणि मान वर केली तेव्हा भिंतीवरचा फोटो दिसला. एका पुरुषाचा. फोटोखाली छोटा लाल दिवा लागलेला.

माझा हात थांबला. सिस्टरांनी ते बघितलं. बीडची कुठली रीत त्यांना ठाऊक नव्हती!

"दोन वर्सं झाली त्येन्ला जाऊन," त्या म्हणाल्या. "ठेव ते. अशा बाईची ओटी भरत न्हाईत, मला ठावं हाय. तू आलीस, लई झालं."

हे माझ्याकडे बघत होते. मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला भीती वाटली. शिकली-सवरलेली असले तरी लहानपणापासून कानांवर पडलेलं असं एका क्षणात जात नाही. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की एकदा सोयर म्हणून राहिली, आता पुन्हा राहिली तर मग कधी?

मी खण उलगडून त्यांच्यासमोर धरला. कपाटात राहून घडीवर पिवळा पट्टा पडला होता.

"सिस्टर, ही ओटी आजची न्हाई. हा खण ऋतुजाच्या येळचा हाय. सव्वा महिन्यानं घेऊन आल्ते, तुमी गेल्या होत्या. तवा तुमचे मालक होते की न्हाई?"

"होते की."

"मग ही तवाची ओटी हाय. फक्त पोचायला उशीर झाला."

सिस्टर आधी माझ्याकडे आणि मग फोटोकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. गाऊनला पदर कुठला? त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून दोन्ही हातांनी पुढे पसरला. मी ओटी भरली. त्यातले चार दाणे भरणारीला परत द्यायचे असतात. मी विसरले होते, त्या विसरल्या नव्हत्या.

निघताना ऋतुजाला व्हिडिओ कॉल लावला. ती ऑफिसात होती. मी म्हटलं, "बघ कोण हाय." सिस्टरांनी फोन डोळ्यांजवळ धरला, तिला नीट निरखलं आणि पहिला प्रश्न केला, "वजन किती हाय?"

ऋतुजा सध्या डाएटवर आहे. तिने सांगितलं, पण शेजारच्या टेबलावर ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"किती? मोठ्यानं बोल!"

तिला मोठ्याने सांगावं लागलं. सिस्टर काही बोलणार तेवढ्यात बाहेर चालकाने हॉर्न वाजवला आणि फोन ठेवावा लागला. पुलावर गाड्या अडकल्या होत्या. हे सारखे घड्याळ बघत होते. आम्ही जहाजावर चढलो आणि थोड्या वेळाने शिडी काढलीच. आष्टीवाले वरून ओरडले, "कशी हाय सासुरवाडी?" हे म्हणाले, "लई चांगली. जवारीचं पीठ पाठवायचंय."

ग्रुप फोटोत आम्ही नाही. मॅनेजर एकदा बोलला, मग विसरला. कोचीतली जाळी आणि मसाल्याचा बाजार मी पाहिलेला नाही, तेव्हा त्याबद्दल मला विचारू नका. तुम्हाला बंदरावर एकच दिवस मिळणार असेल आणि त्या गावात तुमचं कुणी राहत असेल, तर आधी तिकडे जा, एवढंच मी सांगेन. परतीचा वेळ मात्र सांभाळा.

ते चार दाणे मी घरच्या गव्हात टाकले आणि दळून आणले. दिवाळीला ऋतुजा आली तेव्हा त्याच पिठाच्या पोळ्या केल्या. ती जेवत असताना सिस्टरांचा फोन आला. ज्वारीचं पीठ पोचलं, भाकरी तव्यावरच मोडली, पण खाल्ली, असं सांगितलं. मग म्हणाल्या, "पोरीला फोन दे. त्या दिशी बोलायचं राहिलं."

ऋतुजाने फोन स्पीकरवर टाकला.

"वजन झालं तुजं दोन किलोच्या वर," सिस्टर म्हणाल्या. "आता न्या म्हणावं घरी."