खोटं पाडायला नेलं होतं

कोणी माझं कौतुक करायला लागलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. लोकांना वाटतं, किती साधी बाई. साधी कसली, लाज वाटते म्हणून जाते. धाकट्या जावेला मी वाचवलं, ही गोष्ट धुळ्यापासून भुसावळपर्यंत साऱ्या नातलगांत पसरली आहे. तिला दवाखान्यात मी नेलं, एवढंच त्यात खरं. कशासाठी नेलं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आमचं गाव पारोळ्याजवळ. कपाशीची शेती, दोन भाऊ एकत्र. धाकटी सून होऊन आली तेव्हा चांगली गव्हाळ, भरल्या अंगाची पोर होती. तीन-चार वर्षांत वाळत गेली. उन्हात राबायचो आम्ही आणि काळी पडायची ती. सकाळी हाका मारूनही उठायची नाही. कापूस वेचून कंबर सरळ केली की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणायची. मी म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. आणि मीठ! भाजीत वरून, ताकात वरून, कधी नुसतंच चिमूटभर जिभेवर. एकदा शेजारणींसमोर मी म्हणाले, "इतलं मीठ खास तू, खायेल मीठले जाग तरी." सगळ्या हसल्या. तीही हसली.

गावातल्या डॉक्टरांनी दोनदा अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. लावलं की दोन दिवस टवटवीत, मग पुन्हा तेच. मला तर पुरावाच मिळाला. आराम मिळाला की बाईसाहेब बऱ्या!

त्या उन्हाळ्यात आम्ही बिबडे घातले. ज्वारीचे हे पापड करताना मोठ्या पातेल्यात पीठ शिजवावं लागतं आणि ते सारखं हाटायला दोन दणकट हात लागतात. ती मध्येच मटकन खाली बसली, ओकली. दिराने तिला उचलून खाटेवर नेलं. पिठाच्या गाठी झाल्या आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर जाहीर केलं की उद्या मीच हिला जळगावला नेते; हिला काही झालेलं नाही असं मोठ्या डॉक्टरकडून लिहूनच आणायचं, हे मात्र मनात ठेवलं.

डॉक्टर तरुण बाई होत्या. जाऊ काही बोलायच्या आत मीच तिचा सारा पाढा वाचला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तिला आडवी करून बीपी मोजलं, मग उभी करून पुन्हा मोजलं. उभी राहिल्यावर ते झरकन उतरलं होतं. ओठ ओढून हिरड्या पाहिल्या. "मीठ जास्त खावंसं वाटतं का?" त्यांनी विचारलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग मान हलवली.

"ताई, तुमचाही हात द्या," डॉक्टर मला म्हणाल्या. त्यांनी आमचे दोन तळहात शेजारी ठेवले. माझा हात मनगटापर्यंत उन्हाने करपलेला, पण तळव्यावरच्या रेषा फिकट. तिच्या रेषांत मात्र काजळी भरल्यासारखी होती. "हा काळेपणा उन्हाचा नाही," त्या म्हणाल्या.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात, हे मला त्या दिवशी कळलं. अंगातलं मीठ, बीपी, उठून उभं राहण्याची ताकद, सगळं त्यांच्या हार्मोनवर चालतं. तिच्या ग्रंथी बंद पडत आल्या होत्या. शरीरातून मीठ निसटत होतं म्हणून ती मीठ मागत होती. त्याच दिवशी तिला दाखल केलं. रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कॉर्टिसॉलसाठी रक्त घेतलं, मग ग्रंथींना जागं करणारं इंजेक्शन देऊन पुन्हा घेतलं. ग्रंथी जाग्या झाल्या नाहीत. औषध साधं होतं. सकाळी आणि दुपारी गोळ्या, जन्मभर, एक दिवसही न चुकवता. ताप आला तर दुप्पट, आणि उलट्या लागल्या तर घरी न थांबता थेट दवाखाना. "आणखी उशीर झाला असता तर ही हाती लागली नसती. इतके दिवस घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"अक्कांनीच आणलं ना," जाऊ माझ्याकडे पाहत म्हणाली.

तिथून माझं कौतुक सुरू झालं.

आठवड्याभरात ती चालतीफिरती झाली. काळेपणा जायला महिने लागले. आज ती माझ्यापेक्षा भरभर कापूस वेचते.

गेल्या महिन्यात धुळ्याला लग्न होतं. मांडवात तिच्या मावशी माझे दोन्ही हात धरून रडल्या. मला ते हात सोडवून घेता येईनात. परतताना एसटीत मी तिला सांगून टाकलं, "मी तुले वाचाडाले नही, खोटं पाडाले लई गयती."

"माले माहीत व्हतं, अक्का," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही बठ्ठा जन इतलं सांगेत, मालेच वाटाले लागनं, मी आळशीच शे. डॉक्टर काय सांगस, ते माले बी ऐकनं व्हतं."

मला इतके दिवस वाटत होतं, मी तिला फक्त टाकून बोलले होते.