केळीचा फोल्डर

वसईत माझं सायबर कॅफे होतं, तेव्हाची गोष्ट. जवळच्या होळी गावाहून एक वाडीवाले काका दर रविवारी सकाळी यायचे. कीबोर्ड खराब होऊ नये म्हणून बसण्याआधी दारातच नखांतली माती काडीने काढायचे.

त्यांचा मुलगा आखातात नोकरीला होता, तिथेच अपघातात गेला. त्याच्या जुन्या ईमेल वाचायला काका यायचे. ईमेल आली त्या दिवसांत वाडीत जे पीक उभं असेल, त्याच्या नावाने त्यांनी फोल्डर केले होते. वांगी, मिरची, केळी.

ती ईमेल सेवा बंद होणार होती. मी उत्साहाने नवं खातं उघडलं आणि एकेक ईमेल तिकडे पाठवली.

"आता फोल्डर कशाला, काका? शब्द टाका, लगेच सापडतं."

पुढच्या रविवारी त्यांनी एका बोटाने 'केळी' टाइप केलं. काहीच आलं नाही. तारखेने शोधावं, तर सगळ्यांवर मी पाठवल्या त्या दिवसाची तारीख. जुनं खातं तोवर बंद झालेलं. माझा शहाणपणा नडला.

काका रागावले नाहीत.

"त्याच्या पत्रात केळी कुठून असणार?" ते म्हणाले. "केळी माझ्या वाडीत होत्या. त्यांना पाणी घालताना मी त्याचं पत्र मनात घोळवायचो."

मी घाईघाईने मुलाचं नाव टाकलं. सगळ्या ईमेल एकदम आल्या, एकाखाली एक. काकांनी एकही उघडली नाही.

त्यानंतरच्या रविवारी त्यांची खुर्ची मी दुपारपर्यंत कुणाला दिली नाही.