आईच्या मोबाइलवर गेलेला दंड

पुण्यात वाहतूक पोलिसाला मामा म्हणतात, आणि बाई असूनही मी मामाच. कोथरूडहून महामार्गाला लागणाऱ्या रस्त्यावर आम्ही तपासणीला उभे असलो, की लोक दिवे मिचकावून एकमेकांना सावध करतात. मग कोपरात लटकवलेली हेल्मेटं पटापट डोक्यावर चढतात. पण घाईत हनुवटीखालचा पट्टा लावायचा राहतो. तो लोंबकळताना दिसला, की माझी शिट्टी वाजलीच.

त्या सकाळी असाच एक पट्टा आला. मी स्कूटर थांबवली, हेल्मेटची काच वर झाली, आणि आत माझे बाबा!

धाकटे काका याच महामार्गावर डोक्याला मार लागून गेले. तेव्हापासून हेल्मेटशिवाय स्कूटर नाही, ही आईची अट. बाबा रोज तिच्यासमोर हेल्मेट घालून निघायचे आणि ती गॅलरीतून निश्चिंत मनाने बघायची.

"काढता कुठे?" मी विचारलं.

"वळणावर. उकडतं गं."

माझं डोकंच फिरलं. सहकारी हळूच म्हणाला, "मॅडम, जाऊ द्या, घरचेच आहेत." घरचे आहेत म्हणूनच तर! जगाला दटावायचं आणि बापाला सोडायचं, हे माझ्याच्याने होणारं नव्हतं. कोपरात हेल्मेट असतानाचा, लांबून टिपलेला फोटो दंडाच्या मशीनमध्ये होताच.

बाबा निवृत्त मास्तर, ताठ मानेने म्हणाले, "कर दंड. कायदा सर्वांना सारखा." मग आवाज उतरला. "मेसेज कोणाला जातो?"

"गाडी ज्यांच्या नावावर, त्यांना."

गाडी आईच्या नावावर होती.

"अगं, मी इथेच देतो ना. हवं तर दुप्पट घे."

"पोलिसाला लाच देताय, बाबा?" म्हणत मी बटण दाबलं.

संध्याकाळी घरी पोचले तर आई फोटो उघडून बसलेली आणि बाबा समोर. आता आकाशपाताळ एक होणार, असं मला वाटलं. पण ती शांतपणे म्हणाली, "अहो, भाऊजींना ओळखायला दवाखान्यात तुम्ही आत गेलात. मला दारातच थांबवलंत. तुमच्या वेळी आत मलाच जावं लागेल."

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. आमच्या घरात हे प्रथमच घडत होतं. मला मात्र दंड केल्याचं जराही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते निघाले, तेव्हा आई जिना उतरून खाली आली. सगळी सोसायटी बघत असताना तिने स्वतः पट्टा लावला आणि ओढून पाहिला. बाबा हनुवटी वर करून, तिचं समाधान होईपर्यंत उभे राहिले.