गिरणी थांबवणारे मिस्त्री

गाडी कुठलीही येवो, कोल्हारच्या मिस्त्रींचा पहिला शब्द ठरलेला असायचा. काय झालंय, कधीपासून झालंय, आधी कुणी हात घातलाय, हे सगळं वाटेत पाठ करत आलेला माणूस तोंड उघडायच्या आत मिस्त्रींचा उजवा तळहात उभा राहायचा. "थांबा. ती काय म्हंती ते आईकू द्या." ती म्हणजे गाडी. गॅरेजच्या पाटीवर नाव दुसरंच होतं, पण स्टँडवर 'थांबा मिस्त्री' म्हटल्याशिवाय कुणी पत्ता सांगत नसे.

आता नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला शांतता आणायची कुठून? ट्रक थांबवणं मिस्त्रींच्या हातात नव्हतं, पण शेजारची पिठाची गिरणी होती. ती त्यांचीच, आणि चालवायची त्यांची सून, मंदा. सासऱ्यांचा तळहात वर गेलेला दिसला की ती वरून पडणारं धान्य अडवायची, दगड रिकामे होऊ द्यायची आणि मगच बटण दाबायची. भरल्या दगडांनिशी गिरणी बंद केली तर पुन्हा सुरू करताना पट्टा उतरतो. दळणाला आलेल्या बायका डबे खाली ठेवत. एखादी म्हणायची, "बसा गं, म्हाताऱ्यानं समाधी लावली." मिस्त्री इंजिनापाशी वाकून उभे. इंजिनाचा आवाज मनासारखा आला की त्यांची मान हलायची, गिरणी सुरू व्हायची आणि पुन्हा कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही.

आमची आणि त्यांची ओळख वडिलांच्या गाडीमुळे. वडील साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि हिशेबी गृहस्थ म्हणून बेलापुरात प्रसिद्ध होते. त्यांनी आयुष्यात एकच वेडेपणा केला. नोकरी सोडून निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी दोन सीटची, विलायती, लाल रंगाची स्पोर्ट्स गाडी घेतली. घरात माणसं पाच. आई म्हणायची, "आता उरलेल्या तिघांसाठी एक बैलगाडी घ्या, म्हणजे झालं."

त्या गाडीचा जीव तिच्या पेट्रोलच्या पंपात होता. विजेवर चालणारा, मुठीएवढा, मागच्या चाकापाशी बसवलेला. किल्ली फिरवली की तो टकटकटक वाजायचा. कार्बोरेटर भरत आला की टकटक हळू व्हायची आणि मग थांबायची. थांबली की गाडी सुरू करायची. कधी कधी मात्र किल्ली फिरवूनही तो मुका बसायचा. त्यावर मिस्त्रींनी वडिलांना औषध सांगितलं होतं, बाजूला एक हलकी चापट. हे काम माझ्याकडे आलं. भर रस्त्यात उतरून चाकाशी आडवं व्हायचं आणि पंपाला चप्पल मारायची. माझं यांत्रिक शिक्षण एवढंच. दुर्दैवाने ते पुरेसं आहे असा माझा समज झाला.

वडील गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. तीन वर्षांपूर्वी पंप चपलेलाही दाद देईना, तेव्हा मी ठरवलं की आता आपणच बदलायचा. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, नवा पंप मागवला, एक अख्खा रविवार गाडीखाली घालवला. बायको येऊन फक्त पाय बघून गेली. जुना पंप मी ब्रासोने घासून शोकेसमध्ये मुलांच्या ट्रॉफ्यांशेजारी मांडला आणि किल्ली फिरवली. नव्या पंपाने एक फुसकारा सोडला. मग जळक्या प्लास्टिकचा वास आला. बायको आतून म्हणाली, "झाली वाटतं दुरुस्ती."

चुलतभावाच्या ट्रॅक्टरमागे दोराने बांधून गाडी कोल्हारला नेली. वाटेत लोकांनी विचारायचं ते विचारून घेतलं. मिस्त्रींनी जळका पंप हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, "धाकटं मालक, हिच्या ब्याटरीचं प्लस बॉडीला हाय, हे कुनी सांगितलं न्हाई तुमाला?" मी बावन्न वर्षांचा होतो, पण त्यांच्या लेखी धाकटाच. बाकी सगळ्या गाड्यांत बॅटरीचं मायनस बॉडीला जोडतात, या बाईत प्लस. वडिलांना हे माहीत होतं, मिस्त्रींना माहीत होतं. व्हिडिओतल्या माणसाची गाडी मात्र सरळमार्गी होती.

"जुना कुटं हाय? भंगारात न्हाई ना दिला?"

शोकेसमध्ये आहे, असं मी सांगून टाकलं. ते हसले नाहीत. "बरं झालं. त्याला प्लस-मायनस काय बी चालतं. घिऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप घेऊन गेलो तेव्हा लाईट गेलेली होती आणि मंदा बाजाराला. गिरणी गप्प होती. मिस्त्रींनी पंपाचं टोपण काढून मला आत बघायला लावलं. समोरासमोर दोन बारीक ठिपके, काजळी धरलेले. त्यांनी बारीक पॉलिश पेपरची पट्टी त्यांच्यामधून चार-सहा वेळा ओढली, फुंकर मारली, झालं. म्हणजे नवा पंप घ्यायचं कारणच नव्हतं. हे ते बोलले नाहीत, मीही काढलं नाही. मग त्यांनी स्वतः गाडीखाली जाऊन पंप जागेवर बसवला, नळ्या जोडल्या, वायर आवळली आणि उठून तळहात उभा केला. "थांबा. आता फिरवा."

मी किल्ली फिरवली. पंप वाजला. किती वर्षांनी तो असा वाजला म्हणून सांगू! टकटकटकटक, मग टक, टक, मग एक टक, आणि थांबला. लाईट नसल्याने रस्त्याकडेची सगळी दुकानं गप्प होती, ट्रकही नव्हता. वडील शेजारी बसलेत असंच मला वाटलं.

मिस्त्रींचा तळहात अजून वरच होता.

ते बंद गिरणीच्या दाराकडे बघत होते. दारात कुणीच नव्हतं. मग ते हळूच खाली वाकले, पंपावर दोन बोटं टेकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुन्यांदा फिरवा." फिरवली. कार्बोरेटर भरलेला, त्यामुळे पंप एकदाच टक झाला. बोटांना ते कळलं असावं. उठताना त्यांनी विचारलं, "मगाशी वाजला व्हता का?"

मी मान हलवली. त्यांनी फडक्याला हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. मग गाडीला टेकून जवळ येऊन म्हणाले, "कानानं जवाब दिलाय मालक. मानसाचं बोलनं त्वांडाकडं बघून कळतं, गाडीचं न्हाई. पोराला बोलू नका. तो दुधाचा टँकर चालवतो, आधीच म्हनतो आबा, बास करा. त्याला कळलं तर उद्या शटर वढील. घरी बसून मी काय करू, भिंती आईकू?"

मी शब्द दिला. पण पुढच्या महिन्यात दळण घेऊन मुद्दाम कोल्हारला गेलो. बेलापुरात गिरण्या आहेत, हे मंदाच्याही लक्षात आलं असणार. समोर मिस्त्रींनी एका जीपपुढे तळहात उभा केला. मंदाने धान्य अडवलं, दगड रिकामे केले, बटण दाबलं आणि दारात येऊन उभी राहिली. जीपचं इंजिन आधी अडखळलं, मग एकसुरी झालं. मंदा आत गेली, बटण दाबलं, पट्टा फिरला. आणि पट्टा फिरताना दिसला तेव्हा, त्याच्या आधी नाही, मिस्त्रींची मान हलली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. पीठ डब्यात भरता भरता ती हळू आवाजात म्हणाली, "तीन वर्सं झाली, भाऊ. वीस वर्सं शेजारी बसून आईकतीय, मला कळतं की आता."

"आणि त्यांना माहीत आहे, तुला माहीत आहे ते?"

"इचारलं न्हाई कदी," ती म्हणाली. "मामांनी बी न्हाई. डबा घ्या, गरम हाय."

मागच्या थंडीत मिस्त्री गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत शटर उघडं होतं. पोराने एकदाही 'बास करा' म्हणण्यापलीकडे काही केलं नाही. त्यालाही सगळं ठाऊक होतं का, हे मी विचारलं नाही. त्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी लाल गाडी घेऊन गेलो. भेटून निघालो, गाडीत बसलो, किल्लीला हात लावला आणि कुणाला दाखवायचं नसताना डावा तळहात आपोआप वर गेला. उजवा किल्लीवर होता. शटर बंद होतं. शेजारी गिरणीचा आवाज हळूहळू पोकळ होत गेला, दगड रिकामे फिरले आणि थांबले. मंदा दारात आली, पदराने हात पुसत. मी किल्ली फिरवली. पंप वाजला, हळू झाला, थांबला.

तिने पदर खोचला, आत गेली आणि गिरणी सुरू केली.